कपाशीत लव्हाळा दाटलाय, थांबू की निंदू?

चोपड्याचा_कापूसवाला
राम राम मंडळी. चोपडा तालुका, काळी जमीन, ठिबकवर चार एकर कपाशी, आज २८ दिवसांची. नळीलगत लव्हाळा, मधल्या पट्ट्यात केना आणि घोळ, अशी तणं. एक निंदणी झाली, पण आठवड्यात लव्हाळा पुन्हा बोटभर वर. बाया मिळत नाहीत. शेजारचे आप्पा म्हणतात, कपाशी मोठी झाली की सावलीनं तण दबतं. युरियाचा हप्ताही द्यायचाय. काय करू?

तापीकाठ
थांबू नका भाऊ. कपाशीला १५ ते ६० दिवस हाच तणाचा नडणारा काळ. सुरुवातीला ती सावकाश वाढते आणि ओळींमधली जागा उघडी असते. सावली पडेपर्यंत तण खत-पाणी खाऊन मोकळं होतं. रोप मरत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. फांद्या कमी फुटतात आणि वेचणीला बोंडं मोजताना समजतं. आत्ता युरिया टाकलात तर तणाची पंगत बसेल. आधी निंदा, मग खत.

नाना_पारोळा
लव्हाळा गवत नाही, मोथ्याच्या जातीचा. मला दुकानदारानं क्विझालोफॉप, म्हणजे फक्त गवत मारणारं तणनाशक दिलं. गवत जळालं, लव्हाळा जागचा हलला नाही. एक झाड ओल्या मातीतून उकरून बघा. खाली काळ्या गाठींची माळ असते, ओढली की मधेच तुटते आणि राहिलेली गाठ पुन्हा फुटते. म्हणून आता दर आठ-दहा दिवसांनी खुरपत राहा, गाठीतला साठा आटतो. खरा इलाज उन्हाळ्यात: खोल नांगरट करून गाठी उन्हात वाळू द्यायच्या. ग्लायफोसेट या सरसकट सगळं मारणाऱ्या तणनाशकाचा मोह नको, साध्या कपाशीवर उडालं तर कपाशीच जाते.

वावरातली_ताई
निंदायला मी स्वतः जाते, म्हणून सांगते. बाया कमी असतील तर रोपाच्या बुडाशी आणि नळीलगतचं आधी काढा, रोपाच्या तोंडचा घास तेच पळवतं. मधल्या पट्ट्यात कोळपं चालवा, फक्त लव्हाळ्याच्या ठिकाणी कोळपं उचलून घ्या, नाहीतर गाठी वावरभर फिरतात. उपटलेला केना ओळीत टाकू नका, ओल लागली की कांडी-कांडीला मुळं फुटतात. घोळ मात्र घरी आणा, डाळ घालून भाजी बरी होते.

चोपड्याचा_कापूसवाला
उद्या तीन बाया येतायत, ताई म्हणतात तसं बुडापासून सुरुवात. युरियाची गोणी पुन्हा घरात ठेवली. आप्पांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, "मी कुठं म्हटलं निंदू नको म्हणून?"