फोन चोरून ऐकतो का? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मागच्या रविवारी जुळे सोलापुरात गच्चीवर कुरडया घालताना आई म्हणाली, गुडघ्याला पट्टा घ्यायला पाहिजे. मी काही शोधलं नव्हतं, फोन नुसता बाजूला होता. सकाळी उघडला तर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तुम्हाला असं झालंय का? घरात दुसऱ्या कोणी ती वस्तू शोधली होती का, तेही विचारून लिहा.

— अशोक चौक. आमच्या घरात तेलुगूच बोलतात. रात्री जेवताना थोरल्या भावाशी कापड विणायच्या रॅपियर मागाचं बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी रॅपियरची जाहिरात. शपथेवर सांगतो, घरात कोणी शोधलं नव्हतं. बायको म्हणाली, काल दुपारी तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राच्या कारखान्यात तीन तास बसला होता की ओ. तो मित्र महिनाभर रॅपियरचेच भाव बघतोय, आणि माझा फोन त्याच्याच वायफायवर होता, म्हणजे त्याच्या शोधावरून जाहिरात मलाही आली असणार. आता मला ऐकण्यापेक्षा हे जास्त खरं वाटतं. भीतीही याचीच जास्त वाटते.

— आम्ही चौघांनी आठवडाभर फोन मध्ये ठेवून रोज घोड्याच्या खोगिरावर गप्पा मारल्या. एकही जाहिरात आली नाही.

— नवी पेठेत मोबाइल दुरुस्ती करतो. हा प्रश्न रोज येतो. २०१८ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७,००० हून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप मात्र स्क्रीनचं चित्रण बाहेर पाठवत होती, त्याबद्दल कोणी विचारत नाही. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वर हिरवी खूण दिसते, आयफोनवर केशरी ठिपका. गिऱ्हाइकाला मी आधी तेच दाखवतो.

— तरी निर्धास्त राहू नका. आयफोनमधली बोलून काम सांगायची सोय, सिरी, चुकून जागी होऊन खासगी बोलणं रेकॉर्ड झाल्याच्या दाव्यात अ‍ॅपलने ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली. जाहिरातींसाठी ते वापरल्याचं कंपनीने नाकारलं.

— वडिलांच्या फोनमधल्या टॉर्चच्या अ‍ॅपला माइकची परवानगी होती! टॉर्चला माइक कशाला? काढून टाकलं.

— सुरुवातीला प्रश्न विचारणारी मीच. घरी विचारलं. गड्ड्याच्या यात्रेत आईला होम मैदानावर चालवेना, तेव्हापासून बाबा स्वतःच्या फोनवर पट्टे बघत होते. आम्हाला कोणाला बोलले नव्हते. वायफाय घरात एकच आहे.