मदत हवी आहे : मोबाइलचं लाइव्ह टीव्ही ॲप कॉम्प्युटरवर चालत नाही, तातडीचं

चौथा_मजला
३ जुलै २०२५, रात्री १०.४२

कॉम्प्युटरवर अँड्रॉइड ॲप चालवणारा एम्युलेटर टाकला, पण उघडतच नाही. ९४ टक्क्यांवर जाऊन थांबतो. तीन वेळा काढून परत टाकला, तेच. लाइव्ह टीव्हीचं ॲप कॉम्प्युटरवर चालवायचं आहे, फोनवर ते नीट चालतं. आजीसाठी हवंय. दहा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोन हातभर लांब धरते, मान तिरकी करते आणि पाच मिनिटांत डोळ्याला पाणी येतं. टीव्हीचं पॅनेल मार्चमध्येच गेलं. मॉनिटर २२ इंची आहे. व्हिडिओंमधले सगळे उपाय करून झाले. शनिवारी रात्रीच्या आत चालायला हवं. आम्ही बडोद्यात, रावपुऱ्यात राहतो. कोणी येऊन करून देणारं असेल तरी चालेल.

पेनड्राइव्ह
३ जुलै, रात्री १०.५५

कुठला एम्युलेटर? विंडोज १० की ११? रॅम किती, प्रोसेसर कुठला? ९४ टक्क्यांवर अडकायला दहा कारणं असतात. कुठले उपाय केले तेही लिहा, नाहीतर तेच परत सांगितलं जाईल.

विश्वामित्री
३ जुलै, रात्री ११.०१

एम्युलेटरच्या भानगडीत पडूच नका. टाइप-सी टू एचडीएमआय केबल आणा, फोन सरळ मॉनिटरला जोडा. माझ्या सासऱ्यांना मी असंच करून दिलंय, दोन वर्षं बिनतक्रार चाललंय.

अलकापुरीकर
३ जुलै, रात्री ११.०९

विंडोज ११ घ्या, त्यात अँड्रॉइड ॲप आतच चालतात. वेगळा एम्युलेटर कशाला हवा?

पेनड्राइव्ह
३ जुलै, रात्री ११.१४

@अलकापुरीकर, ते बंद झालं. विंडोज ११ मधली अँड्रॉइडची सोय मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून काढून घेतली. आता नव्याने टाकायची म्हटली तर मिळत नाही.

अलकापुरीकर
३ जुलै, रात्री ११.२०

माझ्या लॅपटॉपवर आजही चालतंय.

पेनड्राइव्ह
३ जुलै, रात्री ११.२२

तुम्ही आधी टाकलेलं असेल. त्यांना आज टाकायचंय.

चौथा_मजला
३ जुलै, रात्री ११.३०

एम्युलेटर नेहमीचाच, सगळे वापरतात तो. विंडोज १०. रॅम ४ जीबी. प्रोसेसर आय-थ्री, तिसऱ्या पिढीचा, असं डब्यावरच्या स्टिकरवर आहे. मॉनिटरला एचडीएमआय नाही, निळं पंधरा पिनांचं व्हीजीएच आहे, त्यामुळे केबलचा विषय संपला. कॉम्प्युटर बदलायचा नाहीये हो, हाच चालवायचाय.

विश्वामित्री
३ जुलै, रात्री ११.३६

एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो, तो मध्ये लावा. फोन कुठला आहे?

पेनड्राइव्ह
३ जुलै, रात्री ११.४१

@विश्वामित्री, नुसतं टाइप-सी असून भागत नाही, त्या पोर्टमधून चित्र बाहेर यायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते. साध्या फोनना ती नसते. आणि मध्ये व्हीजीए आलं की टीव्ही ॲप बऱ्याचदा चित्रच सोडत नाहीत. उगाच खर्चात घालू नका त्यांना.

@चौथा_मजला, हे करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे खाली व्हर्च्युअलायझेशन असं लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे एनेबल्ड आहे की डिसेबल्ड?

चौथा_मजला
३ जुलै, रात्री ११.५२

डिसेबल्ड.

पेनड्राइव्ह
४ जुलै, रात्री १२.०३

सापडलं. एम्युलेटर म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारा दुसरा अख्खा कॉम्प्युटर. ते काम प्रोसेसरला स्वतःला करता येतं, पण बऱ्याच मदरबोर्डांवर ती सोय मुळात बंद असते. कॉम्प्युटर बंद करा, चालू करताच डिलीट किंवा एफ-टू टपाटप दाबत राहा. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाल. ॲडव्हान्स्ड किंवा सीपीयू कॉन्फिगरेशनच्या आत इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असेल, तिथे एनेबल्ड करा. एफ-टेन दाबून सेव्ह करा. दुसरं काही हलवू नका. नंतर एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये त्याला २ कोअर आणि २ जीबी द्या, जास्त दिलंत तर विंडोजच गुदमरेल.

फुकट_दर्शन
४ जुलै, रात्री १२.१०

एवढं कशाला? मी एक मॉड एपीके, म्हणजे कुणीतरी बदललेली ॲपची फाइल वापरतो. सगळे चॅनेल, लॉगिन नाही, ओटीपी नाही. व्यनि (खासगी निरोप) करा, लिंक देतो.

पेनड्राइव्ह
४ जुलै, रात्री १२.१६

कृपया इथे हे नको. असल्या फायली टाकताना एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि माणसं घाईत हो म्हणतात. बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. आजीच्या फोनवर तर मुळीच टाकू नका.

चौथा_मजला
४ जुलै, रात्री १२.४८

चालू झालं!! ९४ च्या पुढे गेलं, अँड्रॉइडचा पडदा आला. खूप खूप आभार. आता झोपतो, सकाळी ॲप टाकतो.

सुरसागर_काठ
४ जुलै, सकाळी ७.२५

वाचून वाईट वाटलं. ज्या गावात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार मराठी साहित्य संमेलनं भरली, त्या गावात आजीला मराठी चॅनेल बघायला एवढी खटपट करावी लागते. दांडिया बाजारात पूर्वी केबलवाला न सांगता मराठी चॅनेल द्यायचा. २०१९ पासून पॅक आले आणि आमच्याकडे सगळं गुजराती-हिंदी पॅकमध्ये गेलं. आमच्या केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मराठी कोण जुए छे?" (मराठी बघतं कोण?) मी त्याला आमच्या मजल्यावरची पाच घरं मोजून दाखवली. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार चॅनेल सुटं मागता येतं आणि त्याला ते द्यावंच लागतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. मागितलं नाही तर मिळत नाही.

विश्वामित्री
४ जुलै, सकाळी ७.४०

पटलं. पण केबल कशाला? छतावर डीडी फ्री डिशची छत्री लावा. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री त्यात आहे. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. आमच्याकडे छत्री पावसात हलली होती तेव्हा मी स्वतः जुळवली.

सुरसागर_काठ
४ जुलै, सकाळी ७.५२

पावसाळ्यात चौथ्या मजल्याच्या गच्चीवर चढायला सांगू नका कुणाला.

चौथा_मजला
४ जुलै, सकाळी ९.१५

परत बंद पडलं! काल रात्री चालू झालेला एम्युलेटर आज सकाळी पुन्हा ९४ वर. काहीही बदललं नाही. टास्क मॅनेजर परत डिसेबल्ड म्हणतो. परत बायॉसमध्ये जाऊन चालू केलं, मग एम्युलेटर उघडला, ॲप टाकलं, तर ॲप म्हणतं इंटरनेट तपासा. इंटरनेट आहे, मी इथे लिहितोय ना! वैताग आलाय. एकच दिवस उरलाय.

पेनड्राइव्ह
४ जुलै, सकाळी ९.३१

तुम्ही इथे फोनवरून लिहिताय की त्या कॉम्प्युटरवरून? रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? आणि आत्ता कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?

चौथा_मजला
४ जुलै, सकाळी ९.३८

फोनवरून. बटण रोज बंद करतो, आजीच सांगते. तारीख १ जानेवारी २०१३. ती नेहमीच चुकते. ब्राउझर कुरकुरला की मी हाताने बसवतो. तिचा काय संबंध?

पेनड्राइव्ह
४ जुलै, सकाळी ९.४७

संबंध तिचाच आहे. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायॉसची सेटिंग तो जपतो. तुमचा सेल संपलाय. रात्री बटण बंद झालं की बोर्ड सगळं विसरतो, व्हर्च्युअलायझेशनसुद्धा. आणि तारीख २०१३ ची असली की सर्व्हरचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरला अजून सुरूच न झालेलं वाटतं, म्हणून सुरक्षित जोडणी होत नाही. ॲपला एवढंच कळतं की जोडणी झाली नाही, ते म्हणतं इंटरनेट तपासा. विंडोज घड्याळ आपोआप जुळवतं, पण वर्षांचा फरक असला की तेही हात टेकतं.

सेल सीआर२०३२. घड्याळ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळेल. वायर काढून ठेवा, डबा उघडा, सेलच्या कडेची पितळी पट्टी नखाने मागे दाबली की तो उसळून वर येतो. अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. मग बायॉसमध्ये एकदाच तारीख आणि व्हर्च्युअलायझेशन लावा.

अलकापुरीकर
४ जुलै, सकाळी १०.०५

एवढ्या जुन्या मशीनवर वेळ का घालवताय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय. मग त्याच मशीनवर काहीच सुरक्षित नाही.

सुरसागर_काठ
४ जुलै, सकाळी १०.२०

ऑक्टोबरचं ऑक्टोबरला बघू. त्यांना उद्याची घाई आहे.

चौथा_मजला
४ जुलै, संध्याकाळी ६.५०

मांडवीजवळ सेल मिळाला. डबा उघडला तर आत कापसासारखी धूळ, सेल पांढरा पडलेला. बसवला. तारीख टिकली, दोनदा बटण बंद करून बघितलं. एम्युलेटर पहिल्या झटक्यात उघडला. ॲपमध्ये लॉगिन झालं, ओटीपी आला, चॅनेलची यादी आली. चॅनेल लावला तर आवाज येतोय आणि चित्र काळं. दुसरा लावला, तेच. आजी शेजारी खुर्ची ओढून बसली होती, म्हणाली, रेडिओ झाला रे. आता काय राहिलं?

अलकापुरीकर
४ जुलै, संध्याकाळी ७.०२

एम्युलेटर बदला. मी एलडीप्लेयर वापरतो, मला चित्र दिसतं.

पेनड्राइव्ह
४ जुलै, संध्याकाळी ७.१८

@अलकापुरीकर, कुठल्या चॅनेलचं? बातम्यांचं असेल तर दिसू शकतं. मालिका आणि खेळांच्या चॅनेलचं चित्र बहुधा कुलूप लावून येतं, त्याला वाइडवाइन म्हणतात. एल-१ म्हणजे कुलूप फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागात उघडतं. एल-३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. एम्युलेटरला तसली चिप नसते, त्याला एल-३ च मिळतं. ॲपने एल-१ मागितलं की आवाज सोडतात, चित्र नाही. ब्लूस्टॅक्स घ्या, नॉक्स घ्या, एलडीप्लेयर घ्या, ती चिप कुठेच नाही. फोनचा पडदा वायफायवरून कॉम्प्युटरवर घेतलात तरी बरीचशी टीव्ही ॲप तिथेही काळं दाखवतात.

@चौथा_मजला, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चूक माझी. मी एम्युलेटर चालू करण्याच्याच मागे लागलो.

माहेर_बडोदा
४ जुलै, संध्याकाळी ७.४०

मी पुण्याहून लिहितेय, तांत्रिक काही कळत नाही. आजींना नक्की बघायचंय काय? शनिवारी रात्री म्हणजे पंढरपूरची पूजा ना?

चौथा_मजला
४ जुलै, संध्याकाळी ७.५५

हो. रविवारी आषाढी. विठ्ठलाची शासकीय महापूजा. दर वर्षी रात्री जागून सह्याद्रीवर बघते. सकाळी खाली उतरून विठ्ठलनाथजींचा वरघोडाही (मिरवणूक) बघायची, यंदा जिने उतरायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणून पूजा तरी चुकायला नको.

पेनड्राइव्ह
४ जुलै, संध्याकाळी ८.०१

अहो, मग ॲप कशाला हवं! सह्याद्री दूरदर्शनची वाहिनी आहे, यूट्यूबवर थेट दिसते. तुमच्या त्याच कॉम्प्युटरवर, साध्या ब्राउझरमध्ये. मराठी बातम्यांच्या वाहिन्याही त्या रात्री यूट्यूबवर थेट दाखवतात, म्हणजे एक अडकली तर दुसरी. तारीख आता बरोबर आहे, त्यामुळे ब्राउझर कुरकुरणार नाही. एम्युलेटर बंद करून ठेवा, ४ जीबीत दोन्ही एकदम नको. क्वालिटी ७२० वर ठेवा, १०८० ला हा प्रोसेसर धापा टाकेल.

माहेर_बडोदा
४ जुलै, संध्याकाळी ८.०६

आणि मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा. आईच्या ऑपरेशननंतर आम्ही खोलीतला दिवा चालू ठेवून उजेड मागून येईल असं बसवायचो, त्याने डोळा कमी दुखायचा. थेंब घालायची वेळ चुकवू नका.

चौथा_मजला
४ जुलै, रात्री ८.३०

लावून बघितलं. सह्याद्री दिसतंय. दोन दिवस मी नुसतं ॲप ॲप करत होतो कारण फोनवर आजी तेच उघडते. उद्या रात्री साडेबाराला लावून ठेवतो.

सुरसागर_काठ
५ जुलै, दुपारी १.१०

लाइटचं बघा. काल आमच्याकडे सरीबरोबर अर्धा तास गेली होती. फोनही चार्ज करून जवळ ठेवा.

चौथा_मजला
६ जुलै, पहाटे ४.०५

झालं दर्शन. मॉनिटर टेबलावरून काढून तिच्या पलंगासमोरच्या स्टुलावर ठेवला. पूजा सुरू झाली तशी काठी घेऊन उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. संध्याकाळीच गच्चीतल्या कुंडीतली तुळस काढून ठेवली होती, ती तिने मॉनिटरच्या वरच्या कडेवर ठेवली. मध्येच विचारलं, हा रंग असाच आहे का? ऑपरेशन झालेल्या डोळ्याने यंदा पहिल्यांदा बघत होती. मी म्हटलं, असाच आहे आजी. लाइट गेली नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, पेनड्राइव्ह तुमचे विशेष.

संध्याकाळच्या मालिकेचं मात्र तसंच राहिलंय, ते चॅनेल यूट्यूबवर नाही.

माहेर_बडोदा
६ जुलै, सकाळी ६.५०

वाचून डोळे भरून आले. आजींना माझा नमस्कार सांगा.

पेनड्राइव्ह
६ जुलै, सकाळी ९.१२

मालिकेसाठी त्या वाहिनीचं स्वतःचं ॲप कुठलं ते बघा. झी मराठीचं झी-फाइव्ह, स्टार प्रवाहचं जिओहॉटस्टार. दोन्ही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडतात, एम्युलेटर लागत नाही. वर्गणीचं तेवढं तपासा.

ग्वाल्हेरचा_मी
९ जुलै, रात्री ९.३३

माझंही ९४ टक्क्यांवर अडकलंय. काय करू? लवकर सांगा.

पेनड्राइव्ह
९ जुलै, रात्री ९.४०

प्रोसेसर, रॅम, विंडोज लिहा. कॉम्प्युटरवर आत्ता तारीख काय दिसतेय तेही लिहा. आणि बघायचं काय आहे ते आधी सांगा.