प्रतिसाद: निकॉर १०५ मिमी एफ/२.५ – जुना की नवा?

वर कुणीतरी म्हटलंय की निकॉनच्या या लेन्सच्या सगळ्या आवृत्त्या आतून एकच, फरक फक्त बाहेरच्या नळीचा. तसं नाही. सुरुवातीची रचना सोनार पद्धतीची (आतली भिंगं मांडायची एक पद्धत), ५ भिंगं ३ गटांत. १९७१ च्या सुमारास ती बदलून गाउस या दुसऱ्या मांडणीची झाली, ५ भिंगं ४ गटांत, आणि जवळून काढलेली व्यक्तिचित्रं जास्त रेखीव येऊ लागली. १९७७ चं एआय (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, म्हणजे अ‍ॅपर्चरची, माहिती कॅमेऱ्याला आपोआप देणारी आवृत्ती) आणि नंतरची तिची सुधारित आवृत्ती एआय-एस याच दुसऱ्या रचनेचे. एआय-एसला सरकतं हूडही (बाजूचा प्रकाश अडवणारी कड) आहे, फार सोयीचं!

मला मात्र सोनारची मऊ पार्श्वभूमी जास्त आवडते. फक्त एआयपूर्व लेन्स नव्या कॅमेरा बॉडीवर जबरदस्तीने बसवू नका, बॉडीवरची अ‍ॅपर्चर जोडणारी पट्टी मोडू शकते.