मदत हवी आहे: जॉर्जियातले मठ, काखेतीची द्राक्षं आणि आईची केतेवान राणी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

माझं माहेर फोंड्याचं. आई तिथे शाळेत इतिहास शिकवायची. दरवर्षी मुलांची सहल जुन्या गोव्याला जायची. बाकीच्या शाळा बॉम जीझसची बासिलिका बघून बसमध्ये बसायच्या, आई मात्र पोरांना टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात घेऊन जायची. तिथे 46 मीटर उंचीचा जांभ्याचा अर्धा मनोरा उभा आहे. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग पडला. त्या पडक्या भिंतींत उभी राहून ती केतेवान राणीची गोष्ट सांगायची. मीही त्याच शाळेत होते, त्यामुळे चारदा तरी ऐकली आहे.

केतेवान म्हणजे जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. राज्य वाचवायला बोलणी करायला ती इराणच्या शाह अब्बासकडे गेली आणि तिथेच अडकली. शिराझमध्ये जवळजवळ दहा वर्षं कैदेत होती. धर्म बदलायला नकार दिला म्हणून 1624 च्या सप्टेंबरात तापवलेल्या सांडशींनी हाल करून तिला मारलं. शिराझमधल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप उचलले. त्यातला उजव्या हाताचा भाग 1627 मध्ये गोव्याला आला आणि मठाच्या खिडकीपाशी एका काळ्या दगडी पेटीत ठेवला गेला. उरलेले अवशेष तिच्या मुलाकडे, तैमुराझ राजाकडे पोचले आणि त्यानं ते अलावेर्दीच्या मठात ठेवले, असं सांगतात.

आई हे सांगायची तेव्हा गोव्यातलं हाड सापडलेलं नव्हतं. ते 2004 च्या उत्खननात मिळालं. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याचा डीएनए तपासला गेला. भारतातल्या नमुन्यांशी तो जुळेना, जॉर्जियातल्या काही माणसांशी जुळला. जुलै 2021 मध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीला जाऊन त्यातला भाग जॉर्जियाला दिला. ती बातमी आईनं कापून अजून वहीत ठेवली आहे. त्या दिवसापासून तिचं एकच म्हणणं आहे की राणी घरी पोचली, आता मला तिचं घर बघायचंय.

आता माझ्या सासरची बाजू. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बराचसा थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि दीड एकर वाईनचं शिराझ, ते करारावर वायनरीला जातं. (राणीचा शेवट झाला ते शहर आणि आमच्या बागेतली जात, दोन्हींचं नाव एकच, पण त्या जातीचं मूळ फ्रान्समधलं आहे हे डीएनएनंच ठरलंय.) नवऱ्यानं जॉर्जियाबद्दल वाचायला घेतलं ते माझ्याबरोबर यायचं म्हणून, आणि आता आमच्या दोघींपेक्षा तोच जास्त गुंतलाय. तिबिलिसीच्या दक्षिणेला मातीच्या भांड्यांच्या खापरांत सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या वाईनच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथे आजही मातीचे मोठे रांजण, क्वेव्री म्हणतात त्यांना, जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात वाईन करतात. 2013 पासून ती पद्धत युनेस्कोच्या यादीत आहे. नवरा स्वतः वाईनचा थेंब घेत नाही, पण ज्या मुलखात वेल मुळातून माणसाळली तो मुलूख बघायचा म्हणतो.

दोघांचं एकत्र कुठे जुळतं ते मला संत नीनोच्या गोष्टीत सापडलं. चौथ्या शतकात तिनं त्या देशात ख्रिस्ती धर्म आणला. तिचा क्रूस द्राक्षवेलीच्या दोन काड्यांचा, स्वतःच्या केसांनी बांधलेला, म्हणून त्याचे आडवे हात खाली झुकलेले. हे वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, "ओली काडी असणार, वाळताना झुकली." आई आणि तो त्यावर तासभर बोलत बसले होते.

तर प्रश्न असा आहे. केतेवानचा दिवस तिथे 26 सप्टेंबरला पाळतात. काखेतीत द्राक्षतोडणी, म्हणजे र्त्वेली, त्याच सुमाराला जोरात असते. आईची चवथही तोवर झालेली असते. पण आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी तोंडावर. पानगळ, छाटणी, डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट, मग फुटवे निघाले की रोज बागेत डोळा ठेवावा लागतो. नवरा 30 सप्टेंबरला घरी हवाच. म्हणजे हातात सात-आठ दिवस.

दोन-तीन टूर कंपन्यांकडे विचारलं. सगळ्यांच्या कार्यक्रमात तिबिलिसी, काझबेगी, बातुमी आणि मध्ये एक दिवस काखेती. त्या एका दिवसात तीन मठ, दोन वायनऱ्या, जेवण आणि रात्री परत. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात आईला अशाच टूरवर नेलं होतं. जे बघायला ती गेली होती तिथे वीस मिनिटं, आणि गालिच्याच्या दुकानात दीड तास. ती काही बोलली नाही, पण परत आल्यावर तिनं वहीत त्या सहलीबद्दल एक ओळही लिहिली नाही. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

आईचं वय 71. गुडघे दुखतात, सपाटीवर व्यवस्थित चालते, पायऱ्या पन्नासेक चढते, पुढे नाही. शाकाहारी, अंडंही नाही. स्वतंत्र गाडी आणि गाईड घ्यावा का? कुठले मठ तिला झेपतील? दाविद गारेजा, तो गुहांमधला मठ, करावा का? आणि मठातले साधू वाईन करतात ते बाहेरच्यांना बघायला मिळतं का?

कृपया अनुभव असेल तर लिहा.

रानवाट (प्रतिसाद)

लेक तिबिलिसीत एमबीबीएस करतेय, त्या निमित्तानं काखेतीत दोनदा राहून आलो. अगदी ठामपणे सांगतो, गटाची टूर घेऊ नका. तेलावीत किंवा सिघनाघीत चार रात्री राहा आणि स्वतंत्र गाडी व इंग्रजी बोलणारा गाईड घ्या. तुम्ही तिघं आहात, खर्च फार वाढत नाही. बातुमी समुद्रकाठी, देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते या खेपेला सोडून द्या.

तिबिलिसीहून तेलावीला गोंबोरीच्या घाटातून रस्ता जवळचा आहे, पण वळणं फार. आईंना गाडी लागत असेल तर लांबच्या सपाट रस्त्यानं जा.

अलावेर्दी तेलावीहून वीसेक किलोमीटर. पूर्ण सपाटीवर, तटबंदीच्या दारातून सरळ आत. अकराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे, उंची पन्नास मीटरच्या वर, आणि मागे कॉकेशसची भिंत. आलाझानीच्या खोऱ्यात लांबूनच दिसायला लागतं, सगळीकडे द्राक्षं आणि मध्ये हे एकटं उभं. इकाल्तो जवळच आहे, तिथे जुन्या विद्यापीठाचे अवशेष आहेत आणि अंगणात मोठाल्या क्वेव्री आडव्या पडल्यात. ग्रेमी नक्की करा, काखेतीची ही जुनी राजधानी शाह अब्बासनं उद्ध्वस्त केली, आईंच्या गोष्टीतलाच तो शाह. थोडा चढ आहे, हळूहळू होईल. नेक्रेसी डोंगरावर आहे पण खालून मिनीबस वर नेते. बोदबेला नीनोची समाधी आहे, ते सोपं. तिथला पवित्र झरा मात्र खाली दरीत आहे, शेकडो पायऱ्या, तो सोडा.

दाविद गारेजा माझ्या मते आईंसाठी नको. सहाव्या शतकातल्या गुहा, ओसाड माळ, सुंदर आहे यात वादच नाही. पण पायऱ्या आणि उतार आहेत, आणि वरची भित्तिचित्रं असलेला उदाब्नोचा भाग सीमेच्या वादामुळे 2019 पासून बंद आहे. त्या दिवसात तिबिलिसीजवळचं म्त्सखेता करा. स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल भर गावात, आणि टेकडीवरच्या ज्व्हारी मठाच्या जवळपर्यंत गाडी जाते. नीनोनं क्रूस उभारला ती जागा म्हणजे ज्व्हारी. तिच्या वेलीच्या काड्यांचा क्रूस तिबिलिसीत सिओनी कॅथेड्रलमध्ये आहे, तो दाखवायला विसरू नका.

मणेराजुरीकर

आम्ही बेदाणेवाले, तासगावकडचे. मी सध्या शारजात असतो, तिथूनच गेलो होतो. ताई, तुमच्या यजमानांसाठी लिहितो.

मोठ्या वायनरीत जाऊन चव घेण्यात त्यांना रस नसणार. घरगुती मरानी बघा, म्हणजे क्वेव्री पुरलेली खोली. तेलावीच्या आजूबाजूला अशी बरीच कुटुंबं पाहुण्यांना ठेवून घेतात आणि र्त्वेलीत तोडणीलाही उभं करतात. मी दोन तास घड तोडले. आपल्यासारखं विरळणी करून एकसारखे मणी वगैरे काही नाही, छोटे गच्च घड. पांढरी र्कात्सितेली जास्त. नावाचा अर्थ विचारला तर "लाल काडी", आणि काडी खरंच तांबूस असते. काळ्यात सापेरावी. मणी चुरून बघा, आपल्याकडच्या काळ्या द्राक्षात गर पांढरट असतो, याचा रसच लाल, बोटं दोन दिवस जात नाहीत.

द्राक्षं लाकडी कुंडात पायानं तुडवतात. मग रस, साल, बिया, कधी देठही, सगळं क्वेव्रीत. पांढऱ्या द्राक्षाचीही सालीसकट पाच-सहा महिने ठेवतात म्हणून वाईन मधाच्या रंगाची होते. क्वेव्रीला आतून मधमाशीचं मेण लावलेलं असतं. घरमालकानं एकीचं झाकण उघडलं तेव्हा मी वाकून बघितलं. जमिनीत नुसतं एक काळं तोंड, आणि खालून थंड, आंबूस वास वर येतो. काढायला त्यांच्याकडे लांब दांडीचा तुंब्याचा ओगराळा होता. आजीच्या घरी तसाच पाहिलेला, म्हणून मला एकदम भरून आलं. मोठी क्वेव्री असेल तर माणूस आत उतरून धुतो.

यजमानांना सांगा, खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळझाड, कुठला वापरता हे जरूर विचारा. वेलीची मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड तिथेही आली होती, त्यामुळे तेही कलमंच करतात. आपल्या डॉगरिज खुंटाचं सांगितल्यावर तो शेतकरी वही घेऊन बसला. वर्षातून दोनदा छाटणी करतो हे त्याला खरंच वाटेना. थंडीत त्यांची वेल झोपते, आपली झोपतच नाही.

अलावेर्दीच्या साधूंची स्वतःची मरानी आहे. ती सरसकट उघडी नसते, गाईडला आधी मठात विचारून ठेवायला सांगा.

सांजवात

रानवाट यांनी सगळं सांगितलंय. दोन गोष्टी राहिल्या.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाकं नसतात. सगळे उभे असतात आणि सणाच्या दिवशी प्रार्थना दोन-तीन तास चालते. 26 तारखेला आईंना घेऊन जाणार असाल तर घडीचं छोटं स्टूल सोबत ठेवा. वयस्कर बायका भिंतीकडेला बसलेल्या असतात, कुणी काही म्हणत नाही. बायकांनी डोकं झाकायचं आणि पँटवर स्कर्ट गुंडाळायचा, दारात कापडं ठेवलेली असतात. आई साडीत असतील तर पदर पुरेल. पुरुषांना हाफपँट चालत नाही.

जेवणाची अजिबात काळजी नको. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमा, सोबत मक्याची म्चादी. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरलेलं बदरिजानी माझ्या सासूबाईंनी रोज खाल्लं. खाचापुरीत, म्हणजे चीज भरलेल्या रोटीत, वरून अंडं घालतात तो प्रकार टाळा, इमेरुली मागवा, आणि आतल्या चीजमध्येही कधी अंडं असतं म्हणून विचारून घ्या. त्यांच्या उपासाच्या जेवणाला समार्ख्वो म्हणतात, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नसतं. हा एक शब्द पाठ करून जा. आणि चुर्चखेला आणा, दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या रसाच्या खळीत बुडवून वाळवतात. बाजारात मेणबत्त्यांसारख्या टांगलेल्या दिसतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. बाकं नसतात हे मला कुठल्याच कंपनीनं सांगितलं नव्हतं, आणि आमच्यासाठी तीच सगळ्यांत मोठी अडचण ठरली असती. स्टूल आजच मागवलं.

ठरलंय ते असं. 22 ला निघायचं, 29 ला परत. पहिले दोन दिवस तिबिलिसी आणि म्त्सखेता, मग चार रात्री तेलावी. 26 ला सकाळी अलावेर्दी, दुसरं काहीही ठेवायचं नाही, आईला हवा तितका वेळ. ग्रेमी आणि इकाल्तो एका दिवसात. एक पूर्ण दिवस नवऱ्याचा, घरगुती मरानीत. बोदबे परतीच्या वाटेवर. गारेजाचं दुःख आईला नाही, ती म्हणाली, "राणी तिथली न्हयच."

मणेराजुरीकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्यानं स्वतः दोनदा वाचला. आमच्या खुंटांचे आणि छाटणीचे फोटो तो मोबाईलमध्ये वेगळे काढून ठेवतोय, तिकडे दाखवायला. शिवाय दुभाषा शेतीतले शब्द समजणारा मिळेल का, असं त्याचं चाललंय. तुमच्या त्या घराचा पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवाल का?

आता एकच राहिलं. आईला परसातल्या अबोलीचा वळेसर (गजरा) राणीसाठी न्यायचाय. कापडात ओला करून ठेवला तर दोन दिवस टिकतो, पण विमानतळावर ताजी फुलं नेऊ देतात का, आणि अलावेर्दीत चित्रापुढे फुलं वाहिलेली चालतात की फक्त मेणबत्त्या? कुणी सप्टेंबरात जाऊन आलं असेल तर सांगा, म्हणजे तिला तसं आधीच सांगून ठेवता येईल.