मदत हवी आहे: व्हीआर हेडसेट घ्यावा का?

मेव्हणा दिवाळीत अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मेटा क्वेस्ट ३ (डोळ्यांवर घालून आभासी जगात फिरवणारा व्हीआर हेडसेट) मागवायचा विचार आहे. लेक ११ वर्षांची. कंपनीची किमान अट १० वर्षांची आहे, तरी तिच्या डोळ्यांची काळजी वाटते.

मित्राकडे घालून पाहिला. अंतराळ स्थानकात फिरताना भान हरपलं! पण रोलर कोस्टर लावल्यावर पाच मिनिटांत मळमळायला लागलं. डोळ्यांना वेग दिसतो, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून असं होतं म्हणे. सवयीने हे कमी होतं का?

शिवाय वजन ५१५ ग्रॅम, बॅटरी जेमतेम दोन तास, आणि मला चष्मा. हॉलमध्ये सोफा सरकवला तरच तो घालून वावरायला दोन मीटर जागा होते.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया खरं सांगा, सहा महिन्यांनंतरही वापरता का?