एकाच घरातील तीन अर्जदार आणि प्रवेशाचे तीन वेगळे नियम

सिडकोवासी (प्रश्न)

आमचे घर नाशिकच्या सिडकोत आहे आणि यंदा घरातील तिघे एकाच वेळी प्रवेशाच्या वाटेवर आहेत. धाकट्या भावाची मुलगी सुरतेत वाढली आणि तिची दहावी-बारावी तेथूनच केंद्रीय मंडळातून झाली. माझा मुलगा सामनगाव रस्त्यावरील शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिसरी अर्जदार माझी पत्नी. लग्नामुळे तिचे शिक्षण दहावीवर थांबले. आता एकोणचाळिसाव्या वर्षी तिला पदवी घ्यायची आहे आणि जमल्यास त्यानंतर वकिलीचे शिक्षणही घ्यायचे आहे.

पुतणीला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय यांपैकी जे मिळेल ते चालेल, परंतु ती नाशिकला आमच्याकडे राहून शिकणार असल्याने तिला ‘बाहेरची’ धरतील काय, ही भावाची चिंता आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत, तेव्हा तिला त्याचा लाभ मिळेल काय? मुलाने सीईटी (राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा) दिलेली नाही, त्यामुळे त्याची वाट बंद झाली असे शेजारी सांगतात. पत्नीला तर एका नातेवाइकाने बारावीची काही गरजच नाही, मुक्त विद्यापीठात थेट बी. ए. होते, असे सांगितले आहे. शेवटी एक शंका, जी कदाचित भाबडी वाटेल: पदवी जर एकच, तर आत शिरण्याच्या कसोट्या इतक्या निरनिराळ्या कशासाठी?

कागद तपासणारा

मी पाच हंगाम प्रवेश सुविधा केंद्रात कागदपत्रांची पडताळणी केली आहे, म्हणून आपल्या पुतणीबद्दल लिहितो. राज्य सीईटी कक्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राच्या उमेदवारांचे काही प्रकार केलेले आहेत. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेला विद्यार्थी ‘ए’ प्रकारात येतो. ज्याचे शिक्षण बाहेर झाले, पण जो स्वतः किंवा ज्याचे आई अथवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी आहेत, तो ‘बी’ प्रकारात येतो. पुढील प्रकार राज्यात नियुक्ती असलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुले, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुले आणि सीमाभागातील विद्यार्थी यांच्यासाठी आहेत. आपली पुतणी ‘बी’ प्रकारात बसू शकते, मात्र तिच्या वडिलांच्या नावाचे अधिवास प्रमाणपत्र हाती असले पाहिजे. अडचण नेमकी तेथेच येते, कारण हे प्रमाणपत्र नव्याने काढताना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात आणि सुरतेत संसार थाटलेल्या माणसाकडे तो सहज सापडत नाही. आपल्या भावाने पूर्वी नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी ते काढलेले असेल, तर आधी घरातील जुनी ट्रंक उघडा आणि मग सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहा.

प्रमाणपत्र नाशिकमधून दिलेले असेल, तर तिचे ‘होम युनिव्हर्सिटी’ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ धरले जाईल. याचा फायदा मोठा आहे, कारण स्वायत्त नसलेल्या महाविद्यालयांत राज्याच्या उमेदवारांसाठीच्या जागांपैकी ७० टक्के जागा त्याच विद्यापीठक्षेत्रातील उमेदवारांना आणि ३० टक्के राज्यातील इतर विद्यापीठक्षेत्रांतील उमेदवारांना मिळतात. काही स्वायत्त संस्थांत आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत मात्र जागा राज्यस्तरावर भरतात, तेथे हा फरक उरत नाही.

वैद्यकीय प्रवेशाचे गणित निराळे आहे आणि अनेक पालक येथेच फसतात. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असणे अपेक्षित असते; सूट आहे ती प्रामुख्याने बदलीच्या नोकरीतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या मुलांना. म्हणजे जी मुलगी अभियांत्रिकीला ‘महाराष्ट्राची’ ठरेल, तीच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या राज्य कोट्यात बाहेरची ठरेल आणि तिच्यासाठी अखिल भारतीय १५ टक्क्यांचाच मार्ग उरेल. दोन्ही अर्ज भरा, परंतु दोन्हींकडून सारखीच आशा ठेवू नका.

इतर मागास प्रवर्गाचा लाभ हवा असेल, तर जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच हवा. गुजरातमध्ये काढलेला दाखला येथे चालणार नाही. त्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. ही प्रमाणपत्रे नसतील, तर अर्ज केल्याची पावती सुरुवातीला चालते, परंतु मुदतीत मूळ कागद न आल्यास उमेदवाराला खुल्या प्रवर्गात टाकले जाते. माझ्या टेबलासमोर उत्तम पर्सेंटाइलची मुले अशी खाली घसरलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या अभ्यासात काहीही उणे नव्हते. पालकांनी निकाल लागल्यावर दाखल्यांची धावपळ सुरू केली, एवढेच कारण होते.

अंबडचा अभियंता

आपल्या मुलाची वाट बंद झालेली नाही. शेजाऱ्यांना पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची माहिती असावी. पदविकाधारकांचा प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला होतो, त्याला सीईटी लागत नाही आणि गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. किमान ४५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के. मंजूर क्षमतेच्या १० टक्के जागा यासाठी वाढीव असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिक्त राहिलेल्या जागाही त्यांत मिळवल्या जातात. त्यामुळे एखाद्या शाखेला बारावीनंतर मागणी कमी असेल, तर त्याच शाखेत पदविकाधारकाला चांगल्या महाविद्यालयात जागा मिळण्याची शक्यता वाढते. यंत्र शाखेबाबत हे मी स्वतः अनुभवले आहे.

‘हे मागच्या दाराने आले’ असे वर्गात ऐकावे लागते, त्याची तयारी मुलाने ठेवावी. आम्ही तीन वर्षे लेथवर आणि आराखड्यांवर हात बसवून आलेलो असतो, पण दुसऱ्या वर्षाच्या गणितात पहिले दोन महिने आमची खरोखर दमछाक होते, कारण पहिल्या वर्षाचे गणित आम्ही शिकलेलोच नसतो. मुलाला मे महिन्यापासूनच विकलन आणि संकलन पक्के करायला सांगा. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा पर्यायही त्याने अर्जात अवश्य पाहावा.

सतरा नंबरवाली

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे आहे, कारण त्या आज जेथे उभ्या आहेत तेथे मी काही वर्षांपूर्वी उभी होते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. १९८९ मध्ये ते स्थापन झाले तेच मुळी ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांच्यासाठी. बारावी न झालेल्या प्रौढांना ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रमातून पदवीकडे नेण्याची सोय या विद्यापीठाने अनेक वर्षे केली आणि आपले नातेवाईक बहुधा तिच्याबद्दलच बोलत असावेत. या सोयीने हजारो गृहिणी आणि कामगार पदवीधर झाले, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही वहिनींनी त्या वाटेने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण त्यांची पुढची इच्छा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील पाचव्या नियमानुसार दूरशिक्षणातून मिळवलेली बारावी किंवा पदवी कायद्याच्या प्रवेशासाठी चालते. मात्र पायाभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी मिळवणारा उमेदवार विधी शाखेला अपात्र ठरतो. म्हणजे बारावी वगळून मिळवलेली पदवी इतरत्र कामी येईलही, परंतु विधी महाविद्यालयाच्या दारात तीच पदवी अडेल.

म्हणून वहिनींनी १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची बारावी खाजगीरीत्या द्यावी, अथवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती करावी. मी १७ नंबरचा फॉर्म भरला होता. परीक्षेच्या केंद्रावर माझ्या मुलीच्या वयाच्या मुलींनी मला पर्यवेक्षिका समजून जागा विचारली होती. त्यानंतर मुक्त विद्यापीठातून बी. ए. करावे. नोंदणीपूर्वी डीईबीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा) ओळख क्रमांक काढावा लागतो, तो आता दूरशिक्षणासाठी अनिवार्य आहे. पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के आणि इतर मागास प्रवर्गात ४२ टक्के गुण असले की तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देता येते. एका वर्षाच्या घाईपोटी पुढची दारे बंद होऊ देऊ नका.

गंगापूर रोड

सर्वांची माहिती मोलाची आहे, परंतु मूळ शंकेला कोणी हात घातला नाही. माझ्या मुलाचे पर्सेंटाइल त्याच्या वर्गमित्राहून जास्त होते आणि जागा मात्र मित्राला मिळाली. पुणे विद्यापीठक्षेत्र, इतर क्षेत्र, प्रवर्ग, शुल्कमाफी, सैनिक कोटा असे कप्पे पाडत गेल्यावर गुणवत्ता म्हणजे नक्की काय उरते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

पेठचा शिक्षक

आपला त्रागा मी समजू शकतो, पण आपण मांडलेले सर्व कप्पे एकाच प्रकारचे नाहीत आणि त्यांचा विचार वेगवेगळा व्हायला हवा.

प्रदेशाच्या आधारावर केलेल्या राखीव जागांबद्दल आपली शंका न्यायालयांनाही पडलेली आहे. २०२० मध्ये महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशातील, ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना देणारे ७०:३० हे विभागीय सूत्र रद्द केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. पदवीच्या स्तरावर मात्र स्थानिकांना मर्यादित प्राधान्य देणे न्यायालयाने मान्य केलेले आहे. नाशिकच्या मुलाला नाशिकजवळ शिकता यावे यासाठी विद्यापीठक्षेत्राची अट ठेवण्यात अर्थ आहे, पण तिचे प्रमाण किती असावे यावर वाद होऊ शकतो, हे मला मान्य आहे.

सामाजिक आरक्षणाचा कप्पा मात्र निराळा आहे. माझ्या शाळेतील मुले पावसाळ्यात ओढा उतरण्याची वाट पाहून शाळेत येतात. त्यांच्यातील एखादा बारावी विज्ञान उत्तीर्ण होतो, तेव्हा त्याने किती अंतर कापले आहे हे पर्सेंटाइलच्या आकड्यात उमटत नाही. अनुसूचित जमातींच्या ७ टक्क्यांतील जागा मिळवण्यासाठीही त्याला वैधता प्रमाणपत्र लागते, आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदीसाठी त्याच्या वडिलांना रोजगार बुडवून नाशिकला खेपा घालाव्या लागतात. आपण जागांचा हिशेब मांडलाच आहे, तर खाजगी महाविद्यालयांतील संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, २० टक्के जागाही त्यात धरा. त्या गुणवत्तेनेच भराव्यात असे २०१५ च्या कायद्याने सांगितले असले, तरी तेथपर्यंत कोण पोहोचतो ते आपण सारे जाणतो. त्या कप्प्याबद्दल रागाने लिहिलेले मी क्वचितच वाचतो.

गंगापूर रोड

शेवटचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. विद्यापीठक्षेत्राच्या अटीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

सिडकोवासी

सर्वांचे आभार. काल रात्री भावाला दूरध्वनी केला. त्याचे १९९८ सालचे अधिवास प्रमाणपत्र आईच्या कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडले. त्यावर त्याच्या नावातील एक वेलांटी चुकलेली आहे आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर ती बरोबर आहे. ‘कागद तपासणारा’ यांना विचारावेसे वाटते की एवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेल, की राजपत्रात नावदुरुस्ती करून घ्यावी? मुलाने आजपासून संकलनाचे पुस्तक काढले आहे. पत्नीने १७ नंबरच्या फॉर्मसाठी दहावीची गुणपत्रिका शोधायला घेतली असून ती अद्याप सापडलेली नाही.