तीन मुले, तीन वये आणि दिवाळीची सुट्टी: पुण्यात कमी खर्चात काय करता येईल?

प्रश्न (वारजे)

नमस्कार. आमची मोठी मुलगी १४ वर्षांची, मधला मुलगा ९ वर्षांचा आणि धाकटी ४ वर्षांची आहे. गेल्या सुट्टीत आम्ही त्यांना एका मॉलमधल्या खेळघरात नेले. तिथे मधल्याला उंची जास्त म्हणून आत सोडले नाही, मोठी दोन तास मोबाइल घेऊन बाकावर बसून राहिली आणि खाण्यापिण्यासह दोन हजार रुपये खर्च झाले. या वर्षी हात आखडता आहे. तिघांनाही एकत्र रमता येईल आणि कोणालाही आपण दुसऱ्यासाठी आलो आहोत असे वाटणार नाही, असे काही सुचवावे, ही विनंती.

प्रतिसाद (कोथरूड)

आमच्या दोन मुलांमध्ये आठ वर्षांचे अंतर असल्यामुळे तुमची अडचण चांगलीच कळते. तिघांना सारखीच आवडेल अशी जागा शोधण्यात आम्ही फार वेळ घालवला. त्यापेक्षा जागा एकच ठेवून प्रत्येकाला वेगळे काम द्यावे, असे मला अनुभवावरून वाटते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो तेव्हा धाकट्याला फक्त दिव्यांवरचे हत्ती आणि मोर शोधायला सांगितले होते, तर मोठीने वहीत अडकित्त्यांची चित्रे काढली. एका अडकित्त्यापाशी ती वीस मिनिटे मांडी घालून बसली होती आणि तेवढ्या वेळात धाकटा तिला आपले नवे मोर दाखवायला तीनदा पळत आला.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर लेणेही असेच आहे. राष्ट्रकूटांच्या काळातले हे लेणे अखंड खडकात कोरलेले असून बाहेरचा नंदीमंडप गोल आहे. खांबांभोवती लहानांना लपाछपी खेळता येते आणि एवढा खडक वरून खाली कसा कोरत नेला असेल, हा प्रश्न १४ वर्षांच्या मुलीला नक्की पडेल. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचा बेत केलात तर बुधवार टाळावा, कारण त्या दिवशी ते बंद असते.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

मी पाच नातवंडांची आजी आहे. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर कुठे जायचे याचा विचार करण्याआधी घरी किल्ला करायला घ्या, कारण चार वर्षांच्या मुलीपासून आजोबांपर्यंत सर्वांना पुरेल एवढे काम त्यात असते. तुमच्याकडे तिघे आहेत, तर राजगड करा. त्याला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, म्हणजे प्रत्येकाची एक माची होते आणि मधला बालेकिल्ला सगळ्यांनी मिळून करायचा. मोठीने नकाशा पाहून उतार ठरवावेत, मधल्याने विटा व दगड रचावेत आणि धाकटीने माती कालवावी.

दगडांवर जुनी पोती पसरून त्यांवर मातीचा पातळ राबडा ओता; नुसती माती लिंपली तर वाळल्यावर तिला भेगा पडतात. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरून रोज हलक्या हाताने पाणी शिंपडले की ऐन दिवाळीत गड हिरवागार दिसतो. आमच्या धाकट्या नातीने गेल्या वर्षी अळीव मूठभरून एकाच ठिकाणी टाकले होते, त्यामुळे तिच्या माचीवर एक दाट झुबका उगवला आणि त्यालाच तिने जंगल ठरवून आत वाघ ठेवला. खर्च मावळ्यांचाच काय तो होतो आणि तेही पुढच्या वर्षी वापरता येतात.

प्रतिसाद (सहकारनगर)

आजींचे म्हणणे पटले. तरीही एखादी सकाळ बाहेर काढायची असेल तर सिंहगडाऐवजी पर्वती निवडा. गड पायी चढताना चार वर्षांची मुलगी अर्ध्यावरच कडेवर येते आणि मग मोठ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो. पर्वतीच्या पायऱ्या १०३ आहेत, शिवाय रुंद आणि बेताच्या चढाच्या असल्याने धाकटीला मोजत मोजत चढता येतील. वर गेल्यावर सगळे शहर दिसते. पानिपतच्या पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांचे निधन १७६१ मध्ये याच टेकडीवर झाले, हे मोठीने आधी वाचून भावंडांना तिथे सांगावे. पोहे घरूनच डब्यात न्यावेत.

मूळ प्रश्नकर्ती (वारजे)

सर्वांचे मनापासून आभार. राजगड ठरला असून मोठीने आजच नकाशा काढायला घेतला आहे. पद्मावती माची कोणाची, यावरून मात्र दोघांत वाद सुरू आहे. पर्वतीला रविवारी सकाळी जाऊ. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असल्याने किल्ला गॅलरीतच करावा लागेल. त्यासाठी माती कुठून आणावी?

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

जवळच्या रोपवाटिकेत लाल माती पोत्याने मिळते. गॅलरीत खाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि पाणी जाण्याची जाळी उघडी ठेवा. पद्मावती धाकटीला द्या. ती माची सर्वांत रुंद असल्याने तिच्या हाताला सोपी जाईल.